पायडलच्या कयाकला गेलेला तडा

कयाक ही एकट्यादुकट्याची चिंचोळी होडी, वल्ह्यानं चालवायची. १९९७ साली कॅलिफोर्नियातल्या होबी कंपनीनं ‘मिराज ड्राइव्ह’ आणलं आणि वल्ह्याचं काम पायांवर आलं. पायडलं आळीपाळीनं पुढं रेटायची. होडीच्या पोटाखाली दोन लवचिक पंख डावीउजवीकडे हलतात आणि होडी पुढं सरकते. हात मोकळे राहतात, म्हणून गळ टाकणाऱ्यांनी ती उचलून धरली. तशा जुन्या होड्या आता स्वस्तात हातबदल होतात, आणि घेणाऱ्याच्या पदरात कधीकधी तडाही पडतो.

तडा जातो कुठं, ते आधी पाहू. ड्राइव्ह बसवायला होडीच्या मधोमध आरपार खाच असते. कवच तिथंच कापलेलं आणि पायांचा रेटाही तिथंच. दर पायडलाला खाचेची भिंत किंचित लवते, आणि वर्षानुवर्षं लवून कोपऱ्यात बारीक चीर पडते. दुसरी जागा म्हणजे पाणी निथळायची भोकं. त्यांत दांडे खुपसून होडी ओढायची एक चाकगाडी मिळते. सामानानं भरलेली होडी तिच्यावरून वाळूत ओढली की सगळा भार भोकांच्या कडांवर. बिचाऱ्या समुद्राला उगाच बोल लागतो!

आता इलाज. कोकणात फायबरच्या होड्या दुरुस्त करणारे कसबी हात पुष्कळ आहेत. काचेचं कापड, रेझिन, काम फत्ते. इथं मात्र ती विद्या चालत नाही. बहुतेक पायडल-कयाक आपल्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीसारख्याच बनतात: पॉलिइथिलीनची भुकटी साच्यात घालून साचा फिरवत तापवायचा. या प्लास्टिकला चिकटवण्याची द्रव्यं धरतच नाहीत. टाकीला फासलेला लेप पापुद्रा होऊन सुटतो, तो याचमुळं. पृष्ठभागावरून ज्योत झरझर फिरवली तर काही इपॉक्सी बऱ्यापैकी धरतात, पण रेटा येणाऱ्या जागी माझा भरवसा वेल्डिंगवरच.

चिरेच्या दोन्ही टोकांना तीन-चार मिलिमीटरचं भोक पाडा, म्हणजे ती पुढं धावत नाही. मग चीर इंग्रजी व्हीच्या आकारात कोरा. वेल्डिंगची सळई त्याच जातीच्या प्लास्टिकची हवी. हे प्लास्टिक साधारण १३० अंशांना वितळतं. गरम हवेच्या बंदुकीनं सळई आणि कोरलेली चीर दोन्ही एकदम तापवा. दोन्हींवर ओली तकाकी आली की त्याच क्षणी सळई दाबत पुढं न्या. तकाकीआधी दाबलीत तर सांधा नुसता बसलेला दिसतो, नखानं उचकटतो. तपकिरी झालं तर जळलं. खरवडून पुन्हा करा. गार होऊ द्या आपोआप, पाणी ओतू नका. काही कयाकांचं प्लास्टिक मात्र वितळतच नाही, नुसतं करपतं. म्हणून आधी आतल्या बाजूचा एखादा छिलका तापवून पाहा.

मजबुतीच्या नावाखाली ॲल्युमिनियमची पट्टी बोल्टनं आवळतात. ते मला पटत नाही. लवणारं कवच ताठ पट्टीच्या कडेला वाकतं आणि पुढची चीर तिथं पडते. त्यापेक्षा त्याच प्लास्टिकचं, कोपरे गोल केलेलं रुंद ठिगळ आतून वेल्ड करा, आणि डेक नि तळ यांच्यामध्ये पाणी न शोषणाऱ्या फोमचा ठोकळा घट्ट बसवा. भिंतीचं लवणंच कमी होतं. डेकवरच्या झाकणातून खांद्यापर्यंत हात घालून हे काम करावं लागतं. कंटाळवाणं आहे, पण टिकतं.

उन्हानं प्लास्टिक फिकट आणि ठिसूळ झालं असेल, सांध्याशेजारीच नवी चीर दिसत असेल, तर मात्र ती होडी तळ्यातसुद्धा नेऊ नका. ड्राइव्ह तेवढं काढून विका. दुरुस्त केलेली होडी आधी काठालगत, कंबरभर पाण्यात, लाइफ जॅकेट घालून तासभर चालवा. मग झाकण उघडून आत पाणी आलंय का ते पाहा. आलं असेल, तर खोल पाण्यात जाऊ नका.