हे कुणाकडे होते?

(नभोवाणीवरील भाषण)



कचेरीत किंवा कारखान्यात काम अडले, की आपण आधी माणूस शोधतो. ‘हे कुणाकडे होते?’ हा प्रश्न वरिष्ठांच्या ओठांवर तयारच असतो. नाव सापडले, की मन निवांत होते. काम मात्र जेथल्या तेथे असते.

ही सवय किती फसवी आहे, हे अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये पूर्वीच दिसून आले आहे. आज ती गिरणी उरलेली नाही. तथापि बडोदे-अहमदाबादकडील आपल्या कित्येक घरांत गिरणीच्या भोंग्यावर घड्याळ लावणारी वडीलधारी माणसे होती, त्यांना ही हकीगत परकी वाटली नसती. 1952 साली तेथील एका विणखात्यात स्वयंचलित माग बसविण्यात आले. यंत्रे नवी होती, तरी उत्पादन अपेक्षेइतके वाढेना, आणि खराब कापडही निघत राहिले. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांनी 1953 साली तेथील कामाचे निरीक्षण केले. 224 मागांवर 29 माणसे, आणि त्यांच्यात कामे वाटलेली 12 प्रकारची! कुणी विणकर, कुणी कांड्या भरणारा, कुणी तुटलेले धागे सांधणारा, तर कुणी केवळ तेल घालणारा. शिवाय प्रत्येकाकडील मागांची संख्या निराळी. त्यामुळे विणकराला आज ज्याची गरज लागे तो माणूस त्याचा सोबती नसेच. तो आणखी तिघाचौघांना बांधलेला असे. अशा ठिकाणी दोष कुणाला द्यावयाचा?

सात माणसांची एक तुकडी करावी आणि 64 मागांची सगळी जबाबदारी तिच्यावर सोपवावी, अशी कल्पना चर्चेत निघाली. ती कामगारांनीच उचलून धरली आणि आपापल्या तुकड्याही स्वतःच ठरविल्या. मागांची कार्यक्षमता सुमारे 80 टक्क्यांवरून 95 टक्क्यांच्या घरात गेली. यंत्रे तीच होती, आणि माणसेही तीच!

गिरणीची गोष्ट गिरणीत शोभते, कचेरीत तिचे काय, असे कुणी म्हणेल. मीही तसेच म्हणत असे. मी नोकरीत असताना एका शिपायाच्या विधवेचा निवृत्तिवेतनाचा अर्ज आमच्याकडे पाच महिने पडून राहिला. मी संबंधित कारकुनाला मेमो दिला आणि मोकळा झालो. पुढे एका संध्याकाळी सहज ती फाईल वाचीत बसलो, तेव्हा माझीच मला लाज वाटली. अर्ज चार वेळा परत गेला होता. प्रत्येक वेळी निराळ्या टेबलावरून, निराळ्या एकाच त्रुटीसाठी. प्रत्येकाने आपला नियम चोख पाळला होता. उणिवा एकदम सांगण्याचे काम मात्र कुणाचेच नव्हते. ती बाई चारदा बसभाडे खर्चून आमच्या दारी आली होती.

मेमो मी परत घेतला. त्यानंतर चौघांनी एकत्र बसून अर्ज पाहावा आणि सर्व त्रुटींचे एकच पत्र द्यावे, असे ठरले. शिवाय शुक्रवारी अर्धा तास बसून त्या आठवड्यात काय अडले, हे बोलावयाचे. नाव कुणाचे घ्यावयाचे नाही. ऐकावयास हे सोपे वाटते. परंतु दुसऱ्या महिन्यातच त्या अर्ध्या तासाचा चहापाण्याचा कार्यक्रम झाला, आणि दोघेजण गुपचूप जुन्या टेबलांवर परतले. कॅलिकोतही पुढे असेच घडले होते. 1970 साली एरिक मिलर यांनी तेथे पुन्हा पाहणी केली, तेव्हा एका खात्यात तुकड्यांची पद्धत टिकून होती; इतरत्र मात्र जुनीच विभागणी परत आलेली दिसली. नवी रीत एकदा ठरविली म्हणून अंगवळणी पडत नाही. रियाज मोडला, की हात जुन्याच वळणावर जातो.

आम्ही पुन्हा बसू लागलो. नियम मोडण्यात सर्वांत पुढे मीच असे. अधूनमधून तो जुना प्रश्न तोंडून निघूनच जाई. मग ज्याला मी मेमो दिला होता, तोच कारकून फाईल माझ्यापुढे सरकवून हळूच म्हणे, “साहेब, आधी कागद पाहू या.”