ड्रॅगनच्या वैरणीचा प्रश्न



अध्यक्षीय भाषणाचा एक शिरस्ता आहे. आरंभी वाचनसंस्कृतीच्या ऱ्हासाची चिंता, मध्ये शासनाकडे दोन-तीन मागण्या आणि समारोपाला पसायदान. आजच्या अध्यक्षाने हा शिरस्ता मोडायचं ठरवलं आहे. विषयही असा घेतला आहे की ज्याला संमेलनाच्या मांडवात सहसा पाट मिळत नाही: विनोदी अद्भुत साहसकादंबरी. तिच्यात जादूगार असतात, ड्रॅगन असतात, तलवारींचा खणखणाट असतो, आणि तरीही वाचणारा एसटीत एकटाच खुदुखुदू हसतो, तेव्हा शेजारचा प्रवासी जरा सरकून बसतो.

विसाव्या शतकात या प्रकारात सर्वांत भरघोस लेखन केलं ते इंग्लंडच्या टेरी प्रॅचेट यांनी. जन्म 1948 चा. सतराव्या वर्षी शाळा सोडून ते ‘बक्स फ्री प्रेस’ या स्थानिक वृत्तपत्रात उमेदवारी करायला लागले. पुढे वीज मंडळात प्रसिद्धी अधिकारी झाले. त्यांच्या क्षेत्रात चार अणुवीज केंद्रं होती, आणि ते रुजू झाले तेव्हा अमेरिकेतला थ्री माइल आयलंडचा अणुअपघात ताजा होता. ‘काळजीचं काही कारण नाही’ असं पत्रकारांना दिवसभर सांगायचं आणि रात्री घरी येऊन कादंबरी लिहायची, हा त्यांचा काही वर्षांचा दिनक्रम. 1983 साली ‘द कलर ऑफ मॅजिक’ ही डिस्कवर्ल्ड मालेतली पहिली कादंबरी आली. 1987 मध्ये त्यांनी नोकरी सोडली. मार्च 2015 मध्ये ते वारले, आणि त्याच वर्षी मालेतली एकेचाळिसावी, शेवटची कादंबरी निघाली. त्यांच्या पुस्तकांच्या आठ कोटींहून अधिक प्रती जगभर खपल्या आहेत. एवढे वाचक नुसत्या गुदगुल्यांसाठी तीस-तीस वर्षं एका लेखकाला धरून राहत नाहीत.

डिस्कवर्ल्ड म्हणजे एक तबकडीसारखं सपाट जग. ते चार हत्तींच्या पाठीवर आहे, हत्ती एका अवाढव्य कासवाच्या पाठीवर उभे आहेत आणि कासव अंतराळात पोहत चाललं आहे. मराठी माणसाला यात नवल वाटू नये. कूर्म आपला, दिग्गजही आपलेच. आपल्याकडे हत्ती आठ, तिकडे चार, म्हणजे आस्थापना खर्चात कपात झाली एवढंच. युरोपात ही कल्पना हिंदुस्थानची म्हणून फार पूर्वीच पोचली होती. सतराव्या शतकाच्या अखेरीस जॉन लॉकने आपल्या ग्रंथात हत्ती आणि कासव यांचा आधार सांगणाऱ्या हिंदी तत्त्वज्ञाचा दाखला दिला, तोही थोडी थट्टा करायलाच. कासव कशावर उभं आहे, हा त्याचा प्रश्न होता. प्रॅचेट त्याच्या पुढे जाऊन विचारतात: कासव नर की मादी? त्यांच्या जगातलं क्रूल नावाचं राज्य एवढ्या एका प्रश्नाच्या उत्तरासाठी जगाच्या काठावरून खाली सोडायचं यान बांधतं.

अध्यक्षाच्या मते या साऱ्या प्रकाराचं मर्म इथं आहे. गंभीर अद्भुतकथा मोठे प्रश्न विचारते: अंधार जिंकेल की प्रकाश, राजपुत्राला त्याचं सिंहासन मिळेल की नाही. विनोदी अद्भुतकथा किरकोळ प्रश्न विचारते. ड्रॅगन पाळला तर त्याच्या वैरणीचं काय? राजवाड्यातल्या अंधारकोठडीचा केर कोण काढतं? हे प्रश्न विचारल्याने अद्भुताचा फुगा फुटतो, असा समज आहे. प्रत्यक्षात ड्रॅगनच्या वैरणीचा हिशेब ऐकला की ड्रॅगन खरा वाटू लागतो. ‘गार्ड्स! गार्ड्स!’ या 1989 च्या कादंबरीत लेडी सिबिल रॅमकिन नावाची धिप्पाड, प्रेमळ खानदानी बाई दलदलीतले छोटे ड्रॅगन पाळते. त्यांच्या पोटात आगीचं रसायन सतत ढवळत असतं. खाण्यात जरा कमीजास्त झालं की बिचारे स्फोट होऊन मरतात. त्यांच्या गोठ्यात दहा पानं काढल्यावर शहरावर खरा, प्रचंड ड्रॅगन येतो, तेव्हा वाचकाच्या पोटात गोळा येतो. ड्रॅगन कसा जगतो हे तोवर त्याला ठाऊक झालेलं असतं.

याच कादंबरीतला एक प्रसंग जरा थांबून पाहण्यासारखा आहे. शहराच्या रात्रगस्तीतले तीन शिपाई एका छपरावर धनुष्य घेऊन उभे आहेत. ड्रॅगनचं मर्मस्थान नेमकं वेधायचं आहे. साहसकथेत दहा लाखांत एक अशी शक्यता हमखास खरी ठरते, हे या तिघांना पक्कं माहीत आहे. गोष्टी ऐकूनच ते वाढले आहेत. पण आपली शक्यता नेमकी दहा लाखांत एक आहे का? हजारांत एक निघाली तर संपलंच, कारण हजारांत एकच्या भरवशावर आजवर कुणाचं भलं झालेलं नाही. म्हणून ते बाण मारणाऱ्या सार्जंट कोलनचं काम मुद्दाम अवघड करत जातात. तोंडाला काजळी फास, एका पायावर उभा राहा, जीभ बाहेर काढ, गाणं म्हण. बाण सुटतो आणि चुकतो. हिशेबात कुठेतरी चूक झालेली असते. मग ड्रॅगन त्यांच्यावर उलटतो, आणि पुढच्या धडाक्यातून ते वाचतात, कारण वाचण्याची शक्यता या खेपेला बरोबर दहा लाखांत एक होती. साहसकथेचं सगळं यंत्र इथं उघडून दाखवलं आहे, त्याचे दाते कसे फिरतात तेही दाखवलं आहे, आणि तरीही ते शिपाई खाली पडताना वाचकाचा श्वास अडकतो. हे साधणं सोपं नाही. विडंबनकारांना यातला पहिला भागच जमतो.

खुद्द प्रॅचेट यांनाही सुरुवातीला तेवढाच जमला होता, असं अध्यक्षाचं मत आहे. ‘द कलर ऑफ मॅजिक’ हे त्यांच्या सर्वांत कमकुवत पुस्तकांपैकी एक. फ्रिट्झ लायबर किंवा ॲन मॅकॅफ्री यांच्या अद्भुतकथा ज्याने वाचल्या नाहीत त्याला त्यातली निम्मी थट्टा कळत नाही. तरी त्यातही एक सोन्यासारखा तुकडा आहे. टूफ्लॉवर नावाचा विमा कंपनीतला कारकून या जगातला पहिला पर्यटक म्हणून आंख-मॉरपॉर्क शहरात येतो. तो एका गुत्तेवाल्याला आगीच्या विम्याची कल्पना समजावून सांगतो. गुत्ता जळला तर पैसे मिळणार, एवढं त्या गृहस्थाच्या चटकन ध्यानात येतं. पुढे शहर जळतं.

या शहराचा कारभारही असाच हिशेबी. तिथं चोरांचा अधिकृत संघ आहे. वर्षाला किती चोऱ्या करायच्या याचा कोटा ठरलेला असतो, चोरी झाली की रीतसर पावती मिळते, आणि परवान्याशिवाय चोरी करणाऱ्याचा बंदोबस्त पोलिसांऐवजी संघच करतो. महानगरपालिकेच्या दारात एक दुपार काढलेल्या कुणालाही ही कल्पनारम्यता वाटणार नाही.

हे सारं प्रॅचेट यांच्यापासून सुरू झालं असंही नाही. ‘डॉन किहोते’ 1605 चा. टॉल्किन यांचं नाव घेताच मंडळी गंभीर होतात, पण 1937 चा ‘द हॉबिट’ उघडून पाहावा. खजिना शोधायला निघालेले बुटके कथानायक बिल्बोला करारपत्र देतात. नफा झालाच तर त्यातला चौदावा हिस्सा, प्रवासखर्च वेगळा, आणि वेळ आल्यास अंत्यविधीचा खर्चही त्यांच्याकडे. बिल्बो घाईत हातरुमाल विसरून साहसावर निघतो आणि त्याची त्याला खंत वाटत राहते. त्या हातरुमालामुळे तो आपला वाटतो. डायना विन जोन्स या इंग्लिश लेखिकेने 1996 मध्ये ‘द टफ गाइड टू फँटसीलँड’ हे अद्भुतदेशाचं प्रवासी मार्गदर्शक लिहिलं. त्यात तिने विचारलं की या कादंबऱ्यांत वाटसरूंना रोज रात्री रस्साच का मिळतो, जो शिजायला काही तास लागतात? घोडे कधी दमत का नाहीत? त्यानंतर अद्भुतकथा लिहिणारा कुणीही इमानदार लेखक पात्रांना जेवायला वाढताना दचकत असेल.

किरकोळ प्रश्नांचा हा मार्ग जातो कुठे, हे पाहायचं तर प्रॅचेट यांची 2003 ची ‘द वी फ्री मेन’ घ्यावी. नायिका टिफनी एकिंग, वय वर्षं नऊ, धनगरांच्या घरातली, लोणी काढण्यात पटाईत. ओढ्यातून एक भयंकर बया डोकं वर काढते. परीकथांच्या पुस्तकात लिहिलेलं असतं की या बयेचे डोळे सूपच्या बशीएवढे असतात. टिफनी स्वयंपाकघरात जाते, सूपची बशी काढते आणि मोजते. आठ इंच. मग जाड बुडाचा तवा उचलते, धाकट्या भावाला मिठायांच्या पिशवीसह आमिष म्हणून ओढ्याकाठी बसवते आणि बया वर आल्यावर तवा हाणते.

इथवर हसू येतं. पण मोजण्याची सवय लागलेली ही मुलगी पुढे आणखी काही तपासते. सरदाराचा मुलगा बेपत्ता झाल्यावर गावाने एका एकट्या म्हातारीला चेटकीण ठरवलेलं असतं. पुरावा काय, तर तिला दात नाहीत, ती स्वतःशी बडबडते, आणि परीकथांत चेटकिणी अशाच असतात. तिला कुणी थारा देत नाही आणि हिवाळ्यात ती मरते. हे कशावरून, कुणी पाहिलं, असं गावात कुणीच विचारलं नव्हतं. टिफनी विचारते. बशी मोजणारा प्रश्न आणि हा प्रश्न एकाच जातीचे आहेत. महाराष्ट्राला यावर भाष्याची गरज नाही. या राज्यात 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, तो कोणत्या पार्श्वभूमीवर झाला हे इथं बसलेल्या सर्वांना ठाऊक आहे.

किरकोळ हिशेबातून गंभीर प्रश्नाकडे जाण्याचं असंच आणखी एक उदाहरण बुटांचं. 1993 च्या ‘मेन अ‍ॅट आर्म्स’मध्ये गस्तीचा कप्तान सॅम व्हाइम्स हिशेब मांडतो. चांगले बूट पन्नास डॉलरना, दहा वर्षं टिकतात. हलके बूट दहा डॉलरना, एक-दोन पावसाळ्यांत तळ जातो. गरीब माणूस दहा वर्षांत शंभर डॉलर खर्च करतो आणि पाय ओलेच राहतात. ही गोष्ट ड्रॅगन आणि बुटक्यांच्या जगातल्या एका पोलिसाने सांगितलेली. 2022 मध्ये जॅक मन्रो या ब्रिटिश लेखिकेने सर्वांत स्वस्त वाणसामानाच्या किमती कशा वाढतात याचा निर्देशांक काढायचं ठरवलं, तेव्हा प्रॅचेट यांच्या वारसांच्या संमतीने त्याला व्हाइम्सच्या बुटांचं नाव दिलं.

आता घरचं पाहू. अद्भुताला रस्त्यावर आणून बसवण्याची कला मराठीला कुणी शिकवायला नको. तमाशातल्या गौळणीत साक्षात श्रीकृष्ण मथुरेच्या बाजाराची वाट अडवतो आणि पेंद्या-मावशीच्या तोंडून गावातल्या उखाळ्यापाखाळ्या निघतात. कोकणच्या दशावतारात वेद चोरणारा संकासुर मालवणीत प्रेक्षकांशी हुज्जत घालतो. गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’मध्ये महाभारताची जी दशा होते तिच्यावर पिढ्या हसल्या. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’मधली चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी गाजवली, आणि 2018 मध्ये वैभव मांगले तीच भूमिका घेऊन आले तेव्हा नव्या पोरांनी थिएटरं भरली. सिनेमात ‘धडाकेबाज’मधला बाटलीतला गंगाराम आहे, ‘झपाटलेला’मधला बाहुल्यात शिरलेला तात्या विंचू आहे.

कादंबरीने मात्र हात आखडता घेतला. नाथमाधवांच्या ‘वीरधवल’मध्ये अद्भुत आहे, हसू नाही. चिं. वि. जोशींच्या चिमणरावात हसू आहे, अद्भुत नाही. ग्रंथालयात ही दोन वेगळी कपाटं, आणि मोठ्यांसाठीच्या मराठी कादंबरीत दोन्हींच्या मधल्या जागी क्वचितच कुणी गेलं. मुलांच्या नाटकात चेटकीण चालते, कादंबरीत आली की लेखकाच्या प्रतिष्ठेला बाधा येते, अशी काहीतरी आपली धारणा असावी. परिणाम काय झाला, तर कोकणातला आपला मुंज्या 2024 साली हिंदी पडद्यावर गेला. दिग्दर्शक आदित्य सरपोतदार मराठी, भूमी कोकणची, भूतही आपलंच, आणि त्याने शंभर कोटींच्या पुढे गल्ला केला.

हा मुंज्या कादंबरीसाठी अजून मोकळा आहे. मुंज झाली, सोडमुंज व्हायच्या आत मुलगा गेला, तो पिंपळावर राहतो, ही झाली अद्भुताची बाजू. उरलेले प्रश्न किरकोळ. महामार्गाच्या रुंदीकरणात तो पिंपळ जाणार असेल, तर मुंज्या प्रकल्पग्रस्त ठरतो का? दाखल्यासाठी वास्तव्याचा पुरावा कोणता जोडायचा? वीजबिल त्याच्या नावावर नाही. वय आठ लिहायचं की एकशे आठ? सज्ञान नसेल तर अर्जावर पालक म्हणून सही कुणाची? जागेचा पंचनामा करायचा तर मुंज्या भेटणार दिवेलागणीनंतर, आणि तलाठी तर साडेपाचला मोटारसायकलला किक मारतो.

पुढचं सत्र कादंबरीकारांचं आहे. अध्यक्ष आपली उरलेली दहा मिनिटं त्यांना देत आहे.