बॅटरीची चौकशी



युनियनचा माणूस व्याख्यानमालेत बॅटरीवर काय बोलणार, अशी शंका आपणांपैकी पुष्कळांना आली असेल. तिचे निरसन आधी करतो. २०२१ साली महाराष्ट्र शासनाने कॅरव्हान पर्यटनाचे धोरण आखले. कॅरव्हान म्हणजे चाकांवरचे बिऱ्हाड. आत बिछाना, दिवे, पंखा, लहानसा फ्रिज. अशी एक भाड्याची गाडी चालवणारा ड्रायव्हर माझ्याकडे आला. पुण्याहून प्रवासी महाबळेश्वरला नेले की रात्री दहाच्या सुमारास दिवे मंद होत आणि फ्रिज बंद पडे. मालकाने बॅटरी बदलली व तिचे पैसे ड्रायव्हरच्या पगारातून कापले. आठ महिन्यांत दुसरी गेली, पुन्हा कपात. आरोप असा की, हा मनुष्य बेपर्वाईने वीज जाळतो.

नुकसानीपोटी पगार कापायचा तर ते नुकसान कामगाराच्या हयगयीने झालेले असले पाहिजे आणि त्याला आपले म्हणणे मांडू दिले पाहिजे, हे तत्त्व १९३६ च्या वेतन कायद्यात होते व २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. पण हयगय नव्हती हे दाखवायचे कशाने? त्याला भाषण उपयोगाचे नाही. आम्ही मीटर घेऊन गाडीखाली शिरलो.

या गाडीत दोन बॅटऱ्या असतात. पुढची इंजिन सुरू करण्यासाठी, मागची बिऱ्हाडासाठी. इंजिन चालू झाले की एक रिले दोघींना जोडतो आणि आल्टरनेटर दोघींना भरतो. मागची बॅटरी शिशाची होती. शिशाची बॅटरी प्लान्ते नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली बनविली. तिचा स्वभाव अद्याप बदललेला नाही. ती रिकामी होते तेव्हा पत्र्यांवर शिशाचे सल्फेट जमते. लवकर व पूर्ण भरली तर ते पुन्हा विरघळते. दिवसचे दिवस अर्धपोटी ठेवली तर त्याचे टणक खडे बनतात आणि मग ती पहिल्यासारखी भरत नाही. म्हणजे मेलेली बॅटरी पुष्कळदा उपासमारीची बळी असते, आणि आपण मात्र तिलाच नालायक ठरवून भंगारात घालतो. आमच्या गिरण्यांतूनही अशा बडतर्फ्या मी थोड्या पाहिल्या नाहीत, असो.

प्रथम छपरावरचे सौर तावदान सोडवून ठेवले, नाहीतर माप फसवते. गाडी चार-पाच तास उभी ठेवून मागची बॅटरी मोजली. भरलेली असेल तर सुमारे १२.७ व्होल्ट दिसतात, १२ च्या आत आली तर रिकामी समजावी. आमची १२.१ होती. इंजिन सुरू केले. पुढच्या बॅटरीवर १४.२ व्होल्ट, म्हणजे आल्टरनेटर निर्दोष. मागच्या बॅटरीवर फक्त १२.९! मधले १.३ व्होल्ट कोठे गेले?

येथे एक युक्ती सांगतो, ती फार मोलाची आहे. प्रवाह वाहत असताना मीटरची दोन्ही टोके एकाच तारेच्या दोन टोकांना लावावी. मीटर जे दाखवील तेवढी तूट त्या तारेत. प्रवाह बंद असताना हीच तार निष्पाप दिसते, आणि पुष्कळ वायरमन येथेच चकतात. धन बाजूची तांब्याची तार सहा मीटर लांब व चार चौरस मिलिमीटर जाडीची होती. वीस अँपिअर वाहताना तिच्यात अर्धा व्होल्ट जातो. हा हिशेब कागदावरही जमतो आणि मीटरनेही तेच सांगितले. उरलेले ०.८ व्होल्ट ऋण बाजूला सापडले. अर्थिंगचा बोल्ट सांगाड्यावरच्या रंगावरच आवळलेला होता, खाली गंज चढलेला. वीस अँपिअर आणि ०.८ व्होल्ट म्हणजे सोळा वॅटची उष्णता. बोल्ट हाताला चांगलाच गरम लागत होता.

कोणी म्हणेल, प्रवाह कमी झाला की तूटही कमी होते, तेव्हा बॅटरी सावकाश का होईना भरेलच. खरे आहे. पण तिला त्यासाठी दिवसभर इंजिन चालू हवे, आणि महाबळेश्वर तीन-चार तासांत येते. रोज संध्याकाळी ती अर्धपोटीच उभी राहणार.

आम्ही बोल्ट काढून रंग घासला, चकचकीत लोखंडावर जोडणी केली, वरून व्हॅसलीन लावले. तार सोळा चौरस मिलिमीटरची घातली आणि तिच्या दोन्ही टोकांना, बॅटरीच्या जवळ, फ्यूज बसवले. कारण दोन्हीकडे बॅटरी आहे, तार कोठेही घासली तर आग दोन्हीकडून पेटू शकते. हे काम घरी करणाऱ्यांनी हातातली अंगठी काढावी, प्रथम ऋण टर्मिनल सोडावे, आणि भरत असलेल्या बॅटरीजवळ विडी ओढू नये. तिच्यातून हायड्रोजन निघतो व ठिणगीने तो भडकतो; गंधकाम्ल तोंडावर उडते.

सर्वच गाड्यांत दोष तारेचाच असेल असे नाही. एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम आले. त्यानंतरच्या काही गाड्यांत पुढची बॅटरी भरली की आल्टरनेटर आपला व्होल्टेज मुद्दाम उतरवतो. मग रिले सुटतो आणि मागची तशीच राहते. तेथे व्होल्टेज वाढवून देणारा डीसी-टू-डीसी चार्जर घालावा लागतो. लिथियमची बॅटरी बसवणाऱ्यांनीही तो घालावा, कारण ती इतका प्रवाह ओढते की आल्टरनेटर तापून जळू शकतो.

दुरुस्तीनंतर अर्ध्या तासाने मागच्या बॅटरीवर १३.९ व्होल्ट दिसले. आधीचे व नंतरचे आकडे एका कागदावर लिहून आम्ही मालकापुढे ठेवले. तो स्वतः मीटर धरून पाहायला आला, हे त्याच्या बाजूचे. गाडी बांधली तेव्हाच ती तार बारीक घातली होती, हेही त्याने कबूल केले. दुसऱ्या बॅटरीची कापलेली रक्कम पुढच्या पगारात परत आली. पहिलीची अजून आलेली नाही. त्याचा अर्ज मी गेल्या सोमवारी दिला आहे.