अमेरिकेतील युद्ध, वर्ध्याचा कापूस



वर्ध्याजवळच्या बोरगाव मेघेच्या शिवारातील कापसाचा भाव एकेकाळी अमेरिकेच्या रणांगणावर ठरला होता.

त्या देशाच्या दक्षिण प्रांतांतील वैभव सुमारे चाळीस लाख गुलामांच्या कष्टांवर उभे होते.

1861 साली तेथे यादवी युद्ध पेटले.
उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली.
इंग्लंडच्या गिरण्या तेथील कापसावाचून बंद पडू लागल्या.

तेव्हा वर्धा भागातील ज्या हिंगणघाटच्या कापसाचा लौकिक आधीपासूनच होता, त्याला मुंबईच्या बाजारात अपूर्व भाव आला. बैलगाड्यांचे तांडे निघाले, रयतेच्या हाती रोकड खुळखुळली, आणि मुंबईत प्रेमचंद रायचंदांसारख्या धुरंधरांनी समुद्र बुजविण्याच्या कंपन्यांचे भाग गगनाला भिडविले.

युद्ध तिकडे, भाव इकडे!

1865 च्या एप्रिलमध्ये दक्षिणेचा सेनापती ली शरण गेला.
भाव कोसळले.
जुलैत मुंबईच्या कित्येक पेढ्यांचे दिवाळे निघाले. परंतु ज्या कास्तकाराने तेजीच्या भरवशावर सावकाराचे कर्ज काढले, त्याची कहाणी कोणत्या दप्तरात सापडणार?

आपला कापूस वेगाने बंदरी नेणारी आगगाडी नागपूरला पोहोचली 1867 साली, तेजी ओसरल्यावर.