पोपटाचा दाखला आणि कोंबड्यांची शेड

(कुक्कुटपालक शेतकऱ्यांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी कृषिविद्येचा अध्यापक आहे. पेरणी, पाणी, खते आणि तणनियंत्रण हे माझे विषय. कुक्कुटपालकांच्या मेळाव्यात मी पोपटांवर बोलायला उभा राहिलो, याचे काहींना नवल वाटेल. शेतकऱ्याला पोपट ठाऊक असतो तो ज्वारीच्या कणसांवर थव्याने उतरणारा आणि डाळिंबाला चोच मारून जाणारा राघू म्हणून. पण अलीकडे आपली तरुण मुले जोडधंदा म्हणून पिंजऱ्यातले परदेशी पक्षी पाळू लागली आहेत. त्याबद्दल आज बोलायचे आहे.

त्याला निमित्तही घडले. काही महिन्यांपूर्वी एक तरुण शेतकरी माझ्याकडे आला. घरी दोन हजार अंड्यांच्या कोंबड्यांची शेड आहे. शेडला लागून एक रिकामी खोली आहे. तीत आफ्रिकन करड्या पोपटांची जोडी ठेवून पिल्ले काढावीत, असा त्याचा विचार. व्यापाऱ्याने सांगितले होते, "माल बाहेरच्या देशातला आहे, आरोग्याचे सर्टिफिकेट आहे, काळजी नको." त्या कागदाची झेरॉक्स त्याने माझ्यापुढे ठेवली. पक्षी निरोगी आहेत, एवढी एक ओळ आणि खाली एका खासगी दवाखान्याचा शिक्का. पक्ष्याची जात लिहिलेली नव्हती, पायातल्या कडीचा क्रमांक नव्हता, कोणत्या देशातून आले तेही नव्हते. तो विचारत होता, "सर, हा कागद चालेल का?"

आजचे भाषण म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर आहे.

दाखला कशासाठी?

प्रमाणित बियाण्याच्या पिशवीला निळे लेबल असते, हे आपणा सर्वांना माहीत आहे. ते लेबल छापायला फार खर्च येत नाही. पण ते लागण्याआधी बीजोत्पादनाच्या शेताची तपासणी झालेली असते, भेसळीची झाडे उपटलेली असतात, प्रयोगशाळेत उगवण पाहिलेली असते. त्या कामामुळे लेबलाला किंमत येते. पक्ष्याच्या आरोग्याच्या दाखल्याचेही तसेच आहे.

तपासणीशिवाय सीमा ओलांडून काय येऊ शकते, हे माझ्या विषयातले उदाहरण देऊन सांगतो. आपल्या बांधाबांधावर माजलेले गाजरगवत मूळचे अमेरिका खंडातले. १९५५ च्या सुमारास ते प्रथम पुण्यात नजरेस आले. परदेशातून आलेल्या धान्याबरोबर त्याचे बी आले, असे मानले जाते. त्या गवताची खुरपणी आपण अजून करतो आहोत.

जनावरांच्या बाबतीत तर आपल्याकडूनच रोग बाहेर गेल्याचा दाखला आहे. १९२० साली हिंदुस्थानातून ब्राझीलकडे निघालेली वशिंडाची गुरे वाटेत बेल्जियममधील अँटवर्प बंदरात थांबली आणि त्या देशात बुळकांडीची साथ आली. बुळकांडीने काय होत असे, ते इथल्या वडीलधाऱ्यांना विचारावे. त्या धक्क्याने देश एकत्र आले आणि १९२४ साली पॅरिस येथे २८ देशांच्या कराराने आंतरराष्ट्रीय पशुरोग कार्यालय स्थापन झाले. आज ती जागतिक पशुआरोग्य संघटना म्हणून ओळखली जाते. कोणत्या रोगासाठी दाखल्यात काय असावे, याचे नियम ही संघटना ठरवते. बुळकांडी २०११ साली जगातून हद्दपार झाल्याचे जाहीर झाले. अशा नियमांचा त्यात मोठा वाटा आहे.

पोपटापासून कोणते रोग संभवतात?

पहिला रोग मानमोडी, म्हणजेच राणीखेत. कोंबडीवाल्याला याची ओळख करून द्यायला नको. मान वाकडी होते, हिरवट हगवण लागते, अंडी एकदम घटतात आणि पाहता पाहता शेड रिकामी होते. पोपटाला हाच विषाणू होतो. पण काही जातींचे पोपट आजारी न दिसता तो बाळगून राहतात. दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन पोपट ४०० दिवसांहून अधिक काळ विष्ठेतून विषाणू बाहेर टाकू शकतात, असे आढळले आहे. डोळ्यांना निरोगी दिसणारा पक्षी निरोगी असेलच असे नाही, हे त्यावरून ध्यानात घ्यावे.

दुसरा रोग सिटॅकोसिस. हा पोपटांपासून माणसाला होतो. वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासातून गेली की ताप, तीव्र डोकेदुखी, कोरडा खोकला आणि पुढे न्यूमोनिया होतो. वेळेवर औषध मिळाले तर रोगी बरा होतो. म्हणून घरात पक्षी असतील आणि असा ताप आला, तर डॉक्टरांना पक्ष्यांबद्दल आवर्जून सांगावे.

तिसरा रोग बर्ड फ्लू. फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्या नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातील पहिला उद्रेक जाहीर झाला आणि लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. नवापूरचा रोग पोपटांनी आणला, असे मी म्हणत नाही. पण एक शेड बाधित झाली की आजूबाजूच्या सगळ्या शेडवाल्यांवर काय पाळी येते, हे आपण तेव्हा पाहिले आहे.

जगाने घेतलेले धडे

१९२९-३० साली दक्षिण अमेरिकेतून नाताळच्या सुमारास विक्रीसाठी गेलेल्या पोपटांमुळे युरोप व अमेरिकेत सिटॅकोसिसची साथ आली. शेकडो माणसे आजारी पडली, अनेक दगावली. जानेवारी १९३० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी पोपटांच्या आयातीवर बंदी घातली. मात्र पुढे असे दिसले की कॅलिफोर्नियात परसदारी पैदास केलेल्या बजरीगर पक्ष्यांतही तो रोग होता. आपल्या बाजारात लव्हबर्ड म्हणून विकले जातात ते बहुतेक हेच बजरीगर. "आमचा पक्षी इथलाच आहे" म्हणून निर्धास्त राहू नये, हा त्यातला बोध.

१९७१ साली कॅलिफोर्नियाच्या दक्षिण भागात राणीखेतीचा अतिशय जहाल प्रकार शिरला. तो बाहेरून आणलेल्या पिंजऱ्यातल्या पक्ष्यांबरोबर आला होता. तो निपटून काढायला तीन वर्षे लागली. जवळजवळ १ कोटी २० लाख कोंबड्या नष्ट केल्या गेल्या आणि ५ कोटी ६० लाख डॉलर खर्च झाले. पोपट हौसेसाठी आणले होते. शेडी मात्र ज्यांनी पोपट पाहिलाही नव्हता अशा शेतकऱ्यांच्या रिकाम्या झाल्या.

ऑक्टोबर २००५ मध्ये इंग्लंडमध्ये सुरिनामहून आलेले पोपट आणि तैवानहून आलेले लहान पक्षी एकाच संगरोध केंद्रात, म्हणजे क्वारंटाइनमध्ये, ठेवले होते. तेथे बर्ड फ्लूचा विषाणू सापडला. आधी पोपटाचे नाव पुढे आले. चौकशीत मात्र रोग तैवानच्या पक्ष्यांबरोबर आल्याची दाट शक्यता दिसली. रोग केंद्रातच पकडला गेला म्हणून बाहेरच्या कोंबड्या वाचल्या. युरोपीय संघाने पुढे २००७ सालापासून रानातून पकडलेल्या पक्ष्यांची आयात कायमची बंद केली.

दाखल्यात काय असावे?

आंतरराष्ट्रीय दाखला निर्यात करणाऱ्या देशाच्या सरकारी पशुवैद्यकाच्या सहीशिक्क्याचा असतो. त्यात पुढील बाबी पाहाव्यात :

१) पक्ष्याची जात, शास्त्रीय नाव आणि संख्या.

२) पायातल्या कडीचा किंवा मायक्रोचिपचा क्रमांक. हा नसेल तर कागद याच पक्ष्याचा कशावरून?

३) पक्षी कोठून निघाला आणि कोणाकडे चालला, यांचे पत्ते.

४) रवानगीपूर्वी किती दिवस देखरेखीखाली ठेवला आणि कोणत्या तपासण्या झाल्या.

५) रवानगीच्या वेळी रोगाचे लक्षण नव्हते, असे विधान आणि तारीख.

यातली चौथी बाब सर्वांत महत्त्वाची. सिटॅकोसिससाठी जागतिक संघटनेचा नियम असा आहे की पोपटवर्गीय पक्षी रवानगीपूर्वी ४५ दिवस पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली असावेत आणि त्यांना क्लोरटेट्रासायक्लिन या औषधाचा उपचार दिलेला असावा. सहीमागे हे ४५ दिवस असतील तरच त्या सहीला किंमत. आपण मात्र अशी औषधे स्वतःच्या मनाने चार-आठ दिवस पाजू नयेत. रोग जात नाही, फक्त दबून राहतो.

भारतात पक्षी आणायचा तर

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. आरोग्याचा दाखला आणि वन्यजीव व्यापाराचा परवाना हे दोन वेगळे कागद आहेत. पहिला विचारतो, पक्षी निरोगी आहे का? दुसरा विचारतो, पक्षी कायदेशीर मार्गाने मिळवला आहे का? एक असला म्हणून दुसऱ्याची गरज संपत नाही.

वन्यजीव व्यापाराच्या ज्या आंतरराष्ट्रीय कराराला साइट्स म्हणतात, त्याचा भारत १९७६ पासून सदस्य आहे. थोडे अपवाद सोडले तर जगातील सर्व पोपट या कराराच्या याद्यांत आहेत. आफ्रिकन करडा पोपट २०१६ च्या निर्णयाने सर्वांत कडक यादीत गेला. त्यामुळे रानातून पकडलेल्या करड्या पोपटाचा व्यापार बंद आहे.

आयातीसाठी केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाकडून आरोग्यविषयक आयात परवाना आधी घ्यावा लागतो. पक्षी विमानात चढल्यावर नव्हे. बर्ड फ्लू असलेल्या देशातून जिवंत पक्षी आणण्यावर निर्बंध आहेत. उतरल्यावर सरकारी संगरोध सेवा कागद आणि पक्षी दोन्ही तपासते. तिची केंद्रे मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळूर व हैदराबाद येथे आहेत. याशिवाय वन्यजीव संरक्षण कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनुसार, साइट्स यादीतील परदेशी प्राणी-पक्षी बाळगणाऱ्याने त्यांची नोंदणी करणे बंधनकारक आहे. पिल्ले झाली तरी कळवावे लागते.

आपला देशी राघू तर पकडणे, विकणे आणि पिंजऱ्यात ठेवणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हाच आहे. त्याला कोणताही दाखला चालत नाही.

शेडवाल्याने काय करावे?

१) कोंबड्यांच्या शेडला लागून कोणतेही पिंजऱ्यातले पक्षी ठेवू नयेत. शेडवर काम करणाऱ्या माणसाने त्यांची देखभाल करू नये. दुसरा माणूस नसेल तर आधी कोंबड्यांचे काम उरकावे, मग पक्ष्यांचे. आणि कपडे व पादत्राणे बदलल्याशिवाय पुन्हा शेडमध्ये पाय ठेवू नये.

२) विकत घेतलेला पक्षी, मग तो इथलाच असो, निदान ४५ दिवस वेगळ्या जागी ठेवावा. नवे-जुने पक्षी एकत्र करू नयेत.

३) पिंजरा झाडण्यापूर्वी विष्ठेवर पाणी शिंपडावे, धूळ उडू देऊ नये. नाकातोंडावर फडके बांधावे.

४) पक्षी बाजारातून आणलेले रिकामे पिंजरे व खोकी शेडवर आणू नयेत.

५) राणीखेतीचे लसीकरण वेळापत्रकाप्रमाणे करावेच. लस टोचली म्हणून वरील काळजी सोडू नये.

६) पक्षी अचानक मेले तर ते ओढ्यात किंवा उकिरड्यावर टाकू नयेत. लगेच पशुधन विकास अधिकाऱ्यांना कळवावे.

७) पावती व मूळ कागदांशिवाय परदेशी पक्षी घेऊ नये.

बंधूंनो, त्या तरुणाला मी हेच सांगितले. त्याने व्यापाऱ्याकडे मूळ दाखला, परवाना आणि कडीचा क्रमांक मागितला. आज देतो, उद्या देतो असे करत व्यापाऱ्याने महिना घालवला, शेवटी कागद मिळालेच नाहीत. जोडी घेतली नाही; दिलेला पाच हजारांचा विसार मात्र बुडाला. तो हळहळत होता. मी म्हणालो, "अरे, तुझ्या दोन हजार कोंबड्या उभ्या आहेत. शेजारच्या तिघांच्याही उभ्या आहेत. त्या मानाने पाच हजार स्वस्तात सुटलास."

शेजाऱ्याच्या शेतात तण माजले की त्याचे बी वाऱ्याने आपल्या शेतात येते. रोगाचेही तसेच आहे. त्याला बांध दिसत नाही. दाखला मागताना संकोच करू नका. तो आपल्या शेडसाठी जेवढा आहे, तेवढाच शेजाऱ्याच्या शेडसाठीही आहे.