ड्रॅगनांच्या घरची वाटणी



जो वॉल्टन या वेल्समध्ये जन्मलेल्या लेखिकेची ‘टूथ अँड क्लॉ’ ही कादंबरी २००३ साली आली आणि पुढच्याच वर्षी तिला वर्ल्ड फँटसी पुरस्कार मिळाला. तिच्यातली जवळजवळ सगळी पात्रं ड्रॅगन आहेत. ते टोप्या घालतात, आगगाडीनं हिंडतात, कोर्टकचेऱ्या करतात आणि आपल्या घरात कोणी मेलं की त्याला खातात. पहिल्या वाचनात मी या कादंबरीच्या प्रेमातच पडले होते. सोन्याच्या राशी, पंख आणि ज्वाळा यांनीच तेव्हा माझं मन भरून गेलं होतं. आता पुन्हा वाचायला घेतली आणि पहिल्याच प्रसंगाशी थबकले.

म्हातारा बॉन अगॉर्निन मरणपंथाला लागला आहे. थोरला मुलगा पेन धर्मगुरू झालाय, एक मुलगी मोठ्या घरात दिली आहे. त्यांचं बरं चाललंय, म्हणून मागच्या तिघांना जास्त मिळावं, अशी बापाची इच्छा. सोनं तर हवंच. पण खरी इस्टेट म्हणजे बापाचा देह. ड्रॅगनचं मांस पोटात गेल्याशिवाय ड्रॅगन वाढत नाही. बाप जातो, आणि जावई डेव्हरॅक आत शिरून वाट्याबाहेर लचके तोडतो. त्याचा युक्तिवाद असा, की मामंजींचं बोलणं सोन्यापुरतंच होतं. गावच्या धर्मगुरूचा मान म्हणून प्रेताचे डोळे राखलेले! धाकटा मुलगा अॅव्हन मेव्हण्यावर दावा ठोकतो. मृत्युपत्राचा अर्थ लावण्यावरून भावंडं कशी तुटतात, हे तुम्हांला मी सांगायला नको.

कथेचा सांगाडा अँथनी ट्रोलपच्या १८६१ सालच्या ‘फ्रॅमली पार्सनेज’चा आहे. व्हिक्टोरियन कादंबरी ज्या समजुती गृहीत धरून चालते, त्या शरीराचे नियमच असत्या तर काय झालं असतं, हा वॉल्टनबाईंचा प्रश्न. मोठ्यांनी लहानांना गिळावं, हे इथं शब्दशः घडतं: कुळांची अशक्त पिल्लं खाण्याचा जमीनदाराला हक्क आहे. नोकरांचे पंख बांधून ठेवतात.

बॉनची मुलगी सेलेंड्रा हिचं प्रकरण मला सगळ्यांत जास्त लागलं. कुमारिकेचे खवले सोनेरी असतात. लग्न ठरलं, पुरुष निकट आला, की ते गुलाबी होतात. गावचा तोच धर्मगुरू तिच्या मनाविरुद्ध तिच्या अंगाशी येतो आणि तिचा रंग पालटू लागतो. दोष त्याचा, पण खूण मात्र हिच्या अंगावर, जन्मभराची. जुनी मोलकरीण काढा देऊन तो रंग उतरवते. मग आपण पुन्हा कधी गुलाबी होऊच शकणार नाही, ही धास्ती सेलेंड्राला पोखरत राहते. हे वाचताना मला हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’मधली विधवा यमू आठवली. तिच्याही नशिबाची खूण समाजानं तिच्या डोक्यावरच केली होती, वस्तऱ्यानं.

निवेदकाला यातल्या कशाचंच नवल वाटत नाही, आणि माझ्या मते कादंबरीचं सारं बळ इथं आहे. एखादा माणूस ही गोष्ट सांगता तर त्यानं किळस व्यक्त केली असती आणि आपण सुटलो असतो. ड्रॅगनच्या जगातलाच आवाज वाटणीचं वर्णन जेवणाच्या पंगतीसारखं करतो, तेव्हा सुटायला वाट उरत नाही.

शेवटी लग्नं जुळतात, ती जरा फारच सोयीनं जुळतात. ट्रोलपचीच ती रीत. तरीही फँटसी म्हणजे पोरखेळ, असं म्हणणाऱ्या प्रत्येकाच्या हातात मी हीच कादंबरी आधी देईन.