कोपरातली नस आणि ऑपरेशनची वेळ



कोपर दाराच्या कडेवर आपटलं की करंगळीपर्यंत सणक जाते. ती हाडाची नसते, अल्नर नर्व्हची असते. कोपराच्या आतल्या बाजूला हाडाचा उंचवटा लागतो, त्याच्यामागच्या अरुंद बोगद्यातून ही नस जाते. हात दुमडला की बोगदा आणखी आवळतो आणि नसही ताणली जाते. म्हणून हात उशाखाली दुमडून झोपणाऱ्यांना, तासन्‌तास फोन कानाला धरणाऱ्यांना करंगळीत आणि अनामिकेत मुंग्या येतात.

अशी माणसं रिपोर्टांची जाडजूड फाइल घेऊन येतात आणि विचारतात, “डॉक्टर, ऑपरेशन टळेल ना?” मी फाइल बाजूला ठेवतो आणि हात बघतो. तुमच्या हातातली कार्यक्रमपत्रिका अंगठा आणि तर्जनीच्या कडेमध्ये धरा, शेजाऱ्याला ओढू द्या. ती धरून ठेवताना अंगठ्याचं टोक वाकलं, तर पंजातले स्नायू दुबळे झाले असण्याची शक्यता आहे. १९१५ साली फ्रोमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी सांगितलेली ही खूण आजही बिनखर्चाची आहे.

मुंग्या येऊन-जाऊन असतील आणि ताकद शाबूत असेल, तर सुरी लावायची घाई नको. रात्री कोपराभोवती जाड टॉवेल गुंडाळा, म्हणजे झोपेत हात दुमडणार नाही. कोपर टेकवून बसणं सोडा. तीन महिने हे नेटानं केलं तर अशांपैकी बऱ्याच जणांना आराम पडतो. बी-ट्वेल्व्ह कमी असेल तर जरूर घ्या, पण त्या गोळ्यांनी बोगदा रुंद होत नाही. आणि मालिशवाल्याकडून ही नस ‘मोकळी’ करून घेऊ नका, कृपा करा!

अंगठा आणि तर्जनीमधल्या मांसात खळगा दिसू लागला, की मात्र हिशेब बदलतो. तुटलेले तंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतात. कोपरापासून पंजातल्या स्नायूंपर्यंत पाऊण-एक फूट अंतर, म्हणजे जवळपास वर्ष गेलं. नसेवाचून स्नायू फार तर वर्ष-दीड वर्ष तग धरतो. दुखत नाही म्हणून थांबणारे नेमके इथे फसतात. संवेदनाच गेली तर दुखणार कशानं?

ऑपरेशनात एक तर बोगद्याचं छत उघडतात, नाहीतर नस हाडाच्या पुढे आणून ठेवतात. दोहोंचा गुण सारखाच येतो, पण दुसऱ्यात जखमेचा त्रास जास्त. नस जागेवरून घसरत नसेल तर मी नुसतं छत उघडतो.

आपल्याकडे एक गोष्ट विसरून चालत नाही. नस बोटाला जाड लागली किंवा अंगावर बधिर चट्टा दिसला, तर आधी कुष्ठरोग तपासायचा. तिथे पहिलं काम गोळ्यांचं, गरजेप्रमाणे स्टेरॉइडचं. मानेतली नस आणि मधुमेहही बघायचा.

ऑपरेशननंतर मुंग्या आधी कमी होतात, ताकद मागाहून येते. जुना खळगा बहुधा पुरता भरत नाही. हे मी संमतीपत्रावर सही घेण्याआधीच सांगतो.